मणक्यातली गाठ: टीबीची की विषाणूची?

एचआयव्ही असलेल्या माणसाची पाठ दुखते, पायांतली ताकद कमी होते आणि एमआरआयमध्ये मणक्यापाशी गाठ दिसते. आपल्याकडे पहिला संशय टीबीवर जातो, आणि तो रास्तच आहे. टीबीच कितीतरी जास्त आढळतो. पण क्वचित अशी गाठ एपस्टीन-बार विषाणूमुळेही होते. तिच्यावर टीबीची औषधं चालत नाहीत, आणि तोवर मज्जारज्जूवरचा दाब वाढत राहतो.

१९६४ मध्ये सापडलेला हा विषाणू ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात असतो. तो लाळेतून येतो आणि जन्मभर मुक्काम करतो. प्रतिकारशक्ती त्याला आवरून धरते. एचआयव्हीमुळे किंवा अवयव प्रत्यारोपणानंतरच्या औषधांमुळे ती पकड सुटली, की क्वचित कुणाच्या अनैच्छिक स्नायूंच्या (आपल्या इच्छेविना चालणाऱ्या, जसे रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले) पेशींत तो गाठ वाढवतो. लहान मुलांतही. एकाच रुग्णात मणका, यकृत, फुप्फुस अशा ठिकाणी गाठी दिसल्या, तर कर्करोग पसरला असं वाटून घरचे हादरतात. प्रत्यक्षात यातल्या अनेक गाठी एकीतून दुसरी अशा पसरलेल्या नसतात. प्रत्येक आपापल्या जागी स्वतंत्र उगवलेली असते.

टीबी बहुधा मणक्याच्या पुढच्या भागात सुरू होतो, शेजारचे मणके आणि मधली चकती पोखरतो, बाजूला पू साठतो. मणका खचला की कुबड येतं. स्नायूची गाठ बहुतेकदा मज्जारज्जूच्या आवरणाला चिकटून वाढते, चकती सहसा शाबूत राहते. मात्र चकती वाचवणारा टीबीही असतो, म्हणून नुसत्या एमआरआयवर निकाल लावणं मला धोक्याचं वाटतं. ताप, वजन घटणं यांवरूनही नाही. एचआयव्हीत त्यांची कारणं अनेक. एपस्टीन-बारची रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली तरी काय सिद्ध होतं? ती बहुतेकांची येते.

खरं उत्तर बायोप्सीत, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासण्यात असतं. गाठीच्या पेशींतच या विषाणूचा आरएनए (त्याच्या जनुकांची नक्कल) सापडला, तर निदान पक्कं. टीबीसाठी त्याच तुकड्याची सीबीनॅट (टीबीच्या जंतूंचा डीएनए शोधणारी चाचणी) आणि कल्चर (जंतू वाढवून पाहणं) करतात. कल्चरचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या द्रवात टाकला की जंतू मरतात, म्हणून तो आधीच सलाईनमध्ये वेगळा ठेवावा लागतो.

मणक्याच्या टीबीला आपल्याकडे किमान वर्षभर औषधं. स्नायूची गाठ शक्य तितकी शस्त्रक्रियेने काढतात आणि एचआयव्हीची औषधं नीट सुरू ठेवतात. प्रत्यारोपणाच्या रुग्णात प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांचा डोस डॉक्टर जपून उतरवतात.