झोपेचं दुखणं डॉक्टरला दिसायला इतकी वर्षं का लागली

स्लीप क्लिनिकमधे गेलं की आधी बुचकळ्यात पाडतं ते हे, की डॉक्टर म्हणतात एक रात्र इथे झोपायला या. आणि मग डोक्याला वायरी, डोळ्यांच्या कडेला वायरी, हनुवटीला, पायाला, नाकाखाली नळी, छातीपोटाला पट्टे, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा, आणि एवढं सगळं करून म्हणायचं आता निवांत झोपा! पण यातली एकेक वायर कुणीतरी कशासाठी तरी जोडलीये.

आजार जुनेच आहेत हो. दिवसाढवळ्या अचानक झोप येणाऱ्या आजाराला नार्कोलेप्सी हे नाव जेलिनो या फ्रेंच डॉक्टरने 1880 मधेच दिलं होतं. अडचण एकच, पेशंट डॉक्टरसमोर येणार तो जागेपणी आणि बिघाड होणार झोपेत, त्यात झोप म्हणजे मेंदू बंद असंच सगळे धरून चालायचे, मग बंद दुकानात डोकावणार कोण. हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरने 1929 मधे माणसाच्या मेंदूतल्या विजेचे आलेख छापले तेव्हा कुठे डोकावायला फट मिळाली. पुढे शिकागोत अॅसेरिन्स्की नावाच्या विद्यार्थ्याने स्वतःच्या 8 वर्षांच्या मुलालाच वायरी लावून झोपवलं, तर मधेच डोळे जोरजोरात फिरताना दिसले, त्याला आधी वाटलं मशीनच बिघडलंय. 1953 मधे त्याने आणि त्याचे गाइड क्लाइटमन यांनी ते प्रसिद्ध केलं, तीच आरईएम (रॅपिड आय मूव्हमेंट) झोप, म्हणजे डोळे भराभर फिरतात आणि स्वप्नं पडतात ती. डोळ्यांपाशी वायर असते ती यासाठी. हनुवटीची वायर पण यातलीच, कारण आरईएममधे स्नायू ढिले पडतात, आणि ज्यांचे पडत नाहीत ते स्वप्नातली मारामारी खरोखर हातपाय झाडून करतात (हा वेगळा आजार म्हणून 1986 मधे मांडला गेला).

घोरण्याची गोष्ट मला जास्त रंजक वाटते. घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय, हा गैरसमज आजही घरोघरी आहे. 1965 मधे फ्रान्स आणि जर्मनीतल्या दोन टीम्सनी एकमेकांशी संबंध नसताना दाखवलं, की काही लोकांचा श्वास झोपेत परत परत अडकतो, दर वेळी मेंदू क्षणभर जागा होतो आणि म्हणून ते दिवसभर पेंगतात. 1970 मधे विल्यम डिमेंट या झोपेच्या संशोधकाने अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात झोपेच्या आजारांसाठी क्लिनिक काढलं, 1972 मधे फ्रान्सहून गिलमिनो नावाचा डॉक्टर तिथे आला आणि त्याने मेंदूच्या जोडीला श्वास आणि हृदयाची रात्रभर नोंद सुरू केली. आजची स्लीप स्टडी साधारण तिथूनच आली. तासाला किती वेळा श्वास अडला ते मोजायचं, 5 च्या पुढे सौम्य, 15 च्या पुढे मध्यम आणि 30 च्या पुढे तीव्र, म्हणजे दर दोन मिनिटाला एकदा, आणि पेशंटला सकाळी यातलं काहीही आठवत नाही!

निदान झालं पण तेव्हा उपाय काय, तर श्वासासाठी गळ्याला भोक. खरंच. दिवसा बंद करायचं, रात्री उघडायचं. सिडनीच्या डॉक्टर कॉलिन सलिवनकडे 1980 मधे असाच एक पेशंट होता, त्याला ते भोक नको होतं, मग सलिवनने एक हवा फेकणारी मोटर नाकाच्या मास्कला जोडली, हवेच्या दाबाने घसा मिटेनासा झाला आणि तो माणूस रात्रभर न अडखळता झोपला. 1981 मधे पाच पेशंट्सचा रिपोर्ट लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. सुरुवातीचे मास्क रोज रात्री चेहऱ्याला चिकटवायला लागायचे, तेव्हा आजच्या सीपॅपच्या (याच हवेच्या मशीनचं नाव) पट्ट्यांनी गालावर वळ उठतात म्हणून कुरकुर करणाऱ्यांनी (मी पण त्यातलाच) हे जरा लक्षात ठेवावं.

1993 मधे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचा अभ्यास आला, 30 ते 60 वयातल्या नोकरदारांपैकी 24 टक्के पुरुष आणि 9 टक्के बायकांचा श्वास तासाला 5 किंवा जास्त वेळा अडत होता. एवढ्या लोकांना रात्रभर झोपवायला बेड कुठून आणणार? म्हणून मग तपासणीसाठी घरी न्यायची छोटी मशीन्स आली, साध्या केसेसना ती पुरतात.

निद्रानाशाचा रस्ता मात्र पहिल्यापासून वेगळा, तो गोळ्यांकडून सवयींकडे वळला. झोप येईल तेव्हाच पलंगावर जा, नाही आली तर उठा, ही बूटझिन या मानसशास्त्रज्ञाची पद्धत 1972 ची, पलंगावरचा वेळच कमी करायची स्पीलमन या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाची 1987 ची. गोळ्यांच्या आधी हीच सीबीटी-आय (झोपेच्या सवयी आणि विचार बदलायची उपचारपद्धत) करा असं अमेरिकन फिजिशियन्सच्या संघटनेने 2016 मधे सांगितलं. म्हणून झोप येत नाही म्हणून गेलेल्याला बरेचदा वायरी लावतच नाहीत, एक डायरी देतात आणि दोन आठवडे कधी पडलात, कधी उठलात ते लिहून आणा म्हणतात.