तुटलेला थर सांधतो कसा, आणि त्यासाठी तुम्ही काय करायचं

आमची पट्टी यंत्राच्या थरथरण्यातून किंवा चालण्याच्या हालचालीतून वीज काढते. ही वीज मायक्रोवॅटमध्ये, फार तर काही मिलिवॅटमध्ये मोजायची. मोबाइल चार्ज करायला ती पुरणार नाही. मात्र एखाद्या सेन्सरने अधूनमधून नोंद पाठवावी, एवढी ती नक्की पुरते.

अशी पट्टी दिवसभर वाकत राहते, आणि तिथेच ती थकते. आधी केसाहून बारीक तडा जातो, मग त्याखालचा इलेक्ट्रोड, म्हणजे वीज वाहून नेणारा भाग, तुटतो आणि वीज घटते. सेन्सर भिंतीत किंवा यंत्राच्या पोटात बसवलेला असेल, तर पट्टी बदलणं हेच मोठं काम होऊन बसतं. म्हणून आम्ही पट्टीच्या थरासाठी स्वतः सांधणारं रबर निवडलं.

2001 साली इलिनॉय विद्यापीठात दुरुस्तीचं द्रव्य भरलेल्या सूक्ष्म कुप्या पॉलिमरमध्ये, म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थात, मिसळल्या गेल्या. तडा गेला की कुपी फुटते आणि द्रव्य तिथे घट्ट होतं. युक्ती सुंदर आहे, पण कुपी एकदा रिकामी झाली की त्याच जागी पुन्हा उपयोग नाही. आमची पट्टी त्याच जागी वारंवार वाकते. त्यामुळे आम्ही हायड्रोजन बंधांवर, म्हणजे रेणूंमधल्या नाजूक दुव्यांवर, जमणारं रबर घेतलं. हे बंध तुटतात आणि पुन्हा जुळतातही.

जुळण्यासाठी कडा एकमेकींना टेकायलाच हव्यात, आणि लवकर. कापलेल्या कडेवरचे मोकळे बंध वाट पाहत बसत नाहीत. ते आपल्याच बाजूच्या शेजाऱ्यांशी जुळून जातात. म्हणून चीर दिसली की कडा न पुसता, त्यांना बोट न लावता, एकमेकींवर नीट बसवा, हलका दाब द्या आणि रात्रभर तशाच ठेवा. धूळ किंवा तेल बसलेली कड सांधत नाही. तुकडाच निघून गेला असेल तर पोकळी भरून येणार नाही. पट्टी आमच्याकडे पाठवा.

आतला इलेक्ट्रोड गॅलियम आणि इंडियमच्या मिश्रणाचा आहे. तो खोलीच्या तापमानाला द्रव असतो, त्यामुळे कडा जुळल्या की त्याचाही प्रवाह जुळतो. चिरेतून चंदेरी थेंब बाहेर आला, तर तो अ‍ॅल्युमिनियमला लागू देऊ नका. गॅलियम त्या धातूत शिरून त्याला ठिसूळ करतं. पट्टी अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीवर बसवायची असेल, तर ऑर्डर देतानाच सांगा. आम्ही खाली वेगळं अस्तर लावून देऊ.