एक रंग उचला, शेजाऱ्याला धक्का न लावता

ऑप्टिकल फायबरच्या ज्या भागातून प्रत्यक्ष प्रकाश वाहतो, तो काचेचा गाभा जेमतेम ९ मायक्रोमीटर रुंद असतो. लांब पल्ल्याच्या जाळ्यात त्या एवढ्याशा जागेतून एकाच वेळी ऐंशी-नव्वद लेसरांचा प्रकाश धावतो. प्रत्येकाची तरंगलांबी वेगळी, प्रत्येकावर लादलेली माहिती वेगळी, आणि कोणी कोणाच्या वाटेत येत नाही. इथवर सगळं सुरळीत असतं. अडचण येते ती वाटेतल्या केंद्रावर. समजा, त्या ऐंशीपैकी दोनच चॅनेल इथे उतरवायचे आहेत, त्यांच्या जागी इथले दोन चढवायचे आहेत, आणि उरलेल्या अठ्ठ्याहत्तरांना आपण मध्ये कुठे थांबलो होतो याचा पत्ताही लागू द्यायचा नाही.

सरधोपट मार्ग असा, की आलेला सगळा प्रकाश विजेच्या संकेतांत बदलायचा, हवं ते काढायचं, नवं घालायचं आणि पुन्हा सगळ्याचा प्रकाश करायचा. सुरुवातीला तसंच करत. पण मग जे नुसते पुढे जाणार आहेत त्या अठ्ठ्याहत्तर चॅनेलांसाठीही प्रत्येकी एक रिसीव्हर, एक लेसर आणि मधली सगळी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा लागते. दोघांसाठी ऐंशी जणांचा खर्च! म्हणून प्रकाशाला प्रकाशच राहू द्यायचं आणि हव्या त्या तरंगलांबीपुरताच फिल्टर लावायचा, ही कल्पना पुढे आली. आणि उद्या वेगळा चॅनेल उतरवायचा झाला तर माणूस पाठवून फिल्टर बदलायला नको, म्हणून तो दुरून हलवता यावा, म्हणजेच ट्यूनेबल असावा.

रेडिओच्या ट्यूनरचं काम तेच, असं वाटेल. ते निम्मंच खरं आहे. रेडिओ आपलं स्टेशन पकडतो तेव्हा बाकीच्यांचं काय झालं याची त्याला फिकीर नसते. इथे मात्र पकडलेल्यापेक्षा सोडलेल्यांचीच काळजी जास्त घ्यावी लागते. या फिल्टरांच्या रचनेतली सगळी गुंतागुंत तिथून येते.

आधी मापं पाहू. फायबरमध्ये १५५० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश सर्वांत कमी झिजतो, किलोमीटरला साधारण ०.२ डेसिबल. शिवाय १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेले एर्बियमचे अ‍ॅम्प्लिफायरही, म्हणजे वाटेत झिजलेल्या प्रकाशाची शक्ती वाढवणारे घटकही, याच भागात उत्तम चालतात. त्यामुळे १५३० ते १५६५ नॅनोमीटर या पट्ट्यातच सगळी दाटी होते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९३.१ टेराहर्ट्झ हा खुंटा ठोकून तिथून दोन्ही बाजूंना समान अंतरावर चॅनेलांच्या जागा आखून दिल्या. अंतर ५० गिगाहर्ट्झचं असेल, तर शेजारच्या दोन चॅनेलांमधला फरक ०.४ नॅनोमीटर. हा अवरक्त प्रकाश, म्हणून डोळ्याला दिसत नाही. पण तुलनेसाठी, जांभळ्यापासून तांबड्यापर्यंतचा दृश्य पट्टा सुमारे ३०० नॅनोमीटरचा आहे आणि त्यात ०.४ नॅनोमीटरचे साडेसातशे कप्पे पडतील. फिल्टरने त्यातला एक कप्पा उचलायचा आणि डावी-उजवीकडच्या कप्प्यांना ओरखडाही येऊ द्यायचा नाही.

असा फिल्टर बनवायचा सर्वांत जुना मार्ग १८९९चा आहे. शार्ल फाब्री आणि आल्फ्रेड पेरो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी दोन अर्धपारदर्शक आरसे समोरासमोर ठेवले. मधल्या फटीत प्रकाश मागे-पुढे आपटत राहतो. ज्या तरंगलांबीच्या अर्ध्या लाटा फटीत पूर्ण संख्येने बसतात, तीच आरपार जाते, बाकीच्या परततात. फट बदला की तरंगलांबी बदलते. विद्युतदाब दिला की किंचित फुगणाऱ्या स्फटिकावर एक आरसा बसवला, की झाला ट्यूनेबल फिल्टर. आता थोडा हिशेब करू. फट १० मायक्रोमीटरची असेल तर एका चॅनेलवरून शेजारच्या चॅनेलवर जायला आरसा किती सरकवायचा? सुमारे २.६ नॅनोमीटर. सिलिकॉनचे दहा-अकरा अणू ओळीने ठेवले तर एवढं अंतर होतं. आणि एकदा सरकवलेला आरसा तिथेच राहायला हवा, खोलीचं तापमान बदललं तरी, जवळचा पंखा घरघरला तरी.

दुसरा मार्ग फायबरलाच फिल्टर बनवण्याचा. १९७८ मध्ये कॅनडात केन हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं आढळलं, की फायबरच्या गाभ्यात लेसरचा प्रखर प्रकाश सोडल्यावर काचेचा अपवर्तनांक कायमचा बदलतो. पुढे अतिनील किरणांच्या व्यतिकरणाचे पट्टे बाजूने पाडून गाभ्यात सुमारे अर्ध्या मायक्रोमीटर अंतराने बारीक रेघा उमटवता येऊ लागल्या. ही ब्रॅग जाळी. हजारो रेघांवरून थोडा थोडा प्रकाश परततो आणि एकाच तरंगलांबीसाठी हे सारे परतलेले तुकडे एकमेकांना साथ देतात. ती तरंगलांबी मागे फिरते, बाकीचा प्रकाश सरळ निघून जातो. मागे फिरलेल्याला सर्क्युलेटर नावाचा घटक आल्या वाटेने जाऊ न देता तिसऱ्या दाराने बाहेर काढतो. जाळीच्या पलीकडे दुसरा सर्क्युलेटर लावला, की त्याच तरंगलांबीचा नवा चॅनेल तिकडून जाळीवर आदळून प्रवाहात सामील होतो.

ही जाळी ट्यून करायची तर ती तापवायची किंवा ताणायची. तापवण्यात राम नाही: अंशाला साधारण ०.०१ नॅनोमीटरच सरकते, म्हणजे एका चॅनेलसाठी ४० अंश. ताणणं सोपं. एक सेंटिमीटरची जाळी तीन-साडेतीन मायक्रोमीटर लांबवली की चॅनेल बदलतो. पण ओढाओढीत काच तुटण्याची भीती असते. दाब ती कितीतरी जास्त सहन करते, म्हणून लांबचा पल्ला गाठायचा तर जाळी ओढण्याऐवजी आवळतात.

तिसऱ्या मार्गावर मात्र जरा रेंगाळायला हवं, कारण माझ्या मते या सगळ्यात देखणी रचना हीच. सिलिकॉनच्या चिपवर प्रकाशाच्या दोन सरळ वाटा कोरायच्या, त्यांच्यामध्ये एक अंगठी, त्रिज्या म्हणा १० मायक्रोमीटर. वाट आणि अंगठी यांच्यात सुमारे २०० नॅनोमीटरची फट, म्हणजे स्पर्श कुठेच नाही. तरी प्रकाश अंगठीत शिरतो, कारण वाटेत बंदिस्त असलेल्या प्रकाशाची एक पुसटशी झालर वाटेच्या भिंतीबाहेरही पसरलेली असते. एका फेरीत फारच थोडा प्रकाश आत जातो. पण अंगठीच्या परिघात लाटा पूर्ण संख्येने बसत असतील, तर फेरी मारून आलेला प्रकाश नव्याने शिरणाऱ्या प्रकाशाच्या तालात येतो आणि साठा वाढत जातो. झोक्याला नेमक्या वेळी छोटे छोटे धक्के देत राहिलं की तो उंच जातो, तसंच. मग पहिल्या वाटेवर एक गंमत होते. अंगठीतून परत गळणारा प्रकाश आणि सरळ पुढे निघालेला प्रकाश एकमेकांच्या बरोबर उलट पडतात आणि खोडले जातात. त्या तरंगलांबीसाठी सरळ रस्ता बंद होतो आणि सगळा प्रकाश अंगठीमार्गे दुसऱ्या वाटेवर उतरतो. दुसऱ्या वाटेच्या मागच्या टोकाकडून त्याच तरंगलांबीचा नवा चॅनेल सोडला, तर त्याच नियमाने तो पहिल्या वाटेवर चढतो. उतरवणारी आणि चढवणारी अंगठी एकच.

ट्यून करायला अंगठीच्या वर धातूची एक बारीक पट्टी असते. तिच्यातून वीज सोडली की सिलिकॉन तापतं. काचेच्या मानाने सिलिकॉन उष्णतेला फारच हळवं: अंशाला ०.०७ ते ०.०८ नॅनोमीटर, म्हणजे पाच-सहा अंशांत चॅनेल बदलला. हाच गुण आणि हाच अवगुण. शेजारची अंगठी तापली तरी ही सरकते. बनवताना कोरलेल्या वाटेच्या रुंदीत एका नॅनोमीटरची चूक झाली, तर अनुनादाची जागा, म्हणजे अंगठीत पूर्ण संख्येने बसणारी तरंगलांबी, जवळपास नॅनोमीटरभर हलते, म्हणजे दोन चॅनेल इकडेतिकडे. त्यामुळे एकाच साच्यातून निघालेल्या दोन अंगठ्याही सहसा जुळत नाहीत. प्रत्येकीच्या मागे प्रकाश मोजणारा डोळा आणि हीटर नियंत्रित करणारं सर्किट लावून तिला सतत जागेवर धरावं लागतं.

शिवाय अंगठीत एकच तरंगलांबी बसते असंही नाही. १० मायक्रोमीटर त्रिज्येच्या अंगठीचे अनुनाद साधारण ९ नॅनोमीटरच्या अंतराने पुन्हा पुन्हा येतात. म्हणजे ३५ नॅनोमीटरच्या पट्ट्यात एकाऐवजी तीन-चार चॅनेल उचलले जातील. अंगठी लहान केली तर हे अंतर वाढतं, पण वळण इतकं तीव्र होतं की प्रकाश बाहेर निसटू लागतो. उपाय व्हर्नियर मापकातला आहे: किंचित वेगळ्या परिघांच्या दोन अंगठ्या लागोपाठ ठेवायच्या. दोघींचे अनुनाद जिथे एकत्र जुळतात तेवढीच तरंगलांबी पार होते.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. फिल्टरने चॅनेल ९९ टक्के उतरवला आणि एक टक्का मागे राहिला, तर बिघडलं कुठे? बरंच बिघडलं. त्याच तरंगलांबीवर आपण नवा चॅनेल चढवणार आहोत आणि तो उरलेला एक टक्का त्याच्याशी व्यतिकरण करणार, म्हणजे दोघांच्या लाटा एकमेकींत मिसळून कधी वाढणार, कधी खोडल्या जाणार. शक्ती एक टक्का असली तरी विद्युतक्षेत्राची तीव्रता वर्गमुळाच्या हिशेबाने दहा टक्के असते. क्षेत्रं जुळली तर १.१चा वर्ग १.२१, विरुद्ध पडली तर ०.९चा वर्ग ०.८१. म्हणजे एका टक्क्याच्या उष्ट्यामुळे नव्या चॅनेलची शक्ती वीस टक्क्यांनी वरखाली होऊ शकते. मागे हजारावा भाग राहिला तरी सुमारे सहा टक्के. शेजारच्या चॅनेलमधून झिरपलेला प्रकाश पुढे गाळून टाकता येतो. हा मात्र ऐन घरात शिरलेला असतो, त्याला नंतर कुठलाच फिल्टर वेगळा काढू शकत नाही.

दुसरी गोष्ट फिल्टरच्या आकाराची. एकट्या अंगठीचा आलेख टोकदार शिखराचा आणि लांबवर पसरलेल्या उतारांचा असतो. हवा असतो चौकोनी: माथा सपाट, कडे ताठ. उतार पसरले तर शेजाऱ्याचा लचका तोडला जातो, माथा टोकदार असेल तर आपल्याच चॅनेलच्या कडा झिजतात. आणि एकच चॅनेल वाटेत दहा केंद्रं ओलांडून गेला, तर प्रत्येक ठिकाणी थोड्या थोड्या झिजलेल्या कडा मिळून खिडकी चांगलीच अरुंद होते. एकामागोमाग अनेक अंगठ्या जोडून माथा सपाट करता येतो, पण मग त्या सगळ्यांना एकाच सुरात ठेवणं आलं.

तिसरी गोष्ट सगळ्यांत वाकडी. फिल्टर पाचव्या चॅनेलवर आहे आणि त्याला नवव्यावर न्यायचं आहे. मधले सहावा, सातवा, आठवा हे चालू आहेत, त्यांच्यावर कोणाची तरी माहिती धावते आहे. फिल्टर तापत तापत त्यांच्यावरून सरकतो आणि जाता जाता प्रत्येकाला क्षणभर उतरवून टाकतो. हीटर बदलायला काही मायक्रोसेकंद लागोत की मिलिसेकंद, सेकंदाला १०० गिगाबिटच्या चॅनेलवर एका मिलिसेकंदात १० कोटी बिट वाहून जातात. सुक्याबरोबर ओलं जळावं तसा हा प्रकार. तो टाळायचा तर आधी फिल्टर ‘अदृश्य’ करावा लागतो: वाट आणि अंगठी यांच्यातली देवाणघेवाण शून्यावर आणायची, मग अंगठी गुपचूप नवव्या जागेवर सरकवायची, आणि तिथे पोचल्यावर देवाणघेवाण पुन्हा सुरू करायची. त्यासाठी साध्या फटीच्या जागी प्रकाशाचं प्रमाण कमी-जास्त करणारी छोटी जोडणी लागते, म्हणजे आणखी हीटर, आणखी नियंत्रण. आणि एवढं करूनही अ‍ॅम्प्लिफायर वेगळी कुरकुर करतात. त्यांची शक्ती सगळ्या चॅनेलांत वाटलेली असते. काही चॅनेल अचानक गेले की उरलेल्यांना जास्त वाटा मिळतो आणि त्यांची पातळी उसळते.

मोठ्या केंद्रांवर आज बसवलेली यंत्रणा या तिसऱ्या दुखण्याला चक्क बगल देते. ‘रोडम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या केंद्रांच्या पोटात तरंगलांबी निवडणारा स्विच असतो. त्यात विवर्तन जाळीने, म्हणजे तरंगलांब्या वेगळ्या करणाऱ्या बारीक रेघांच्या पृष्ठभागाने, सगळा प्रकाश पसरवून द्रव-स्फटिकाच्या पडद्यावर पाडतात. प्रत्येक तरंगलांबीला पडद्यावर स्वतःची उभी पट्टी मिळते. त्या पट्टीतले पिक्सेल प्रकाशाच्या लाटेला थोडं थोडं उशिरा परतवतात आणि त्यातून किरणाची दिशा ठरते: हा पुढे, हा खाली, हा कुठेच नको. नववा चॅनेल उतरवायचा तर नवव्या पट्टीचा नमुना बदलायचा, सहा-सात-आठच्या वाटेला जायचंच नाही. सरकणारा फिल्टरच नाही, तर कोणावरून सरकण्याचा प्रश्न कुठे येतो?

याच पडद्यामुळे कप्प्यांची रुंदीही बदलती ठेवता आली. २०१२ मध्ये दूरसंचार संघाच्या मानकात लवचीक आखणी आली: कप्प्याचा मध्य ६.२५ गिगाहर्ट्झच्या टप्प्यांवर कुठेही, रुंदी १२.५ गिगाहर्ट्झच्या पटीत हवी तेवढी. जास्त वेगाच्या चॅनेलना ५० गिगाहर्ट्झचा कप्पा पुरत नव्हता, त्यांची सोय झाली.

दरम्यान रिसीव्हरच हुशार झाले. २०१०च्या आसपास रुळलेल्या कोहेरंट रिसीव्हरमध्ये स्वतःचा एक लेसर असतो. आलेला सगळा प्रकाश त्या लेसरशी मिसळला, की लेसरच्या तरंगलांबीजवळचा चॅनेल तेवढा हाती लागतो, बाकीचे आपोआप बाजूला पडतात. म्हणजे चॅनेल निवडण्यासाठी आता फिल्टर लागेलच असं नाही. लेसर ट्यून केला की भागतं. मात्र ऐकलेला चॅनेल पुढच्या प्रवाहातून पुसून टाकणं, इतकं निखळ की त्याच जागी नवा बसवता यावा, हे रिसीव्हरला जमत नाही. ते काम अजूनही फिल्टरकडेच आहे. आणि अंगठ्यांचं म्हणाल, तर त्यांना डेटा सेंटरांच्या चिपांवर नवं घर मिळू लागलं आहे. तिथे अंतरं छोटी, चॅनेल थोडे, आणि महागडा पडदा बसवायला ना जागा ना ऐपत. तापमान मात्र तिथेही जागेवर राहत नाही, त्यामुळे हीटर आणि त्यावर पहारा ठेवणारं सर्किट यांच्या विजेचं बिल कसं कमी करायचं, यावर तिथे डोकी चालली आहेत.