हप्ता थांबला म्हणजे माफ झाला असं नाही

कोरोनाच्या टाळेबंदीत रिझर्व्ह बँकेनं 27 मार्च 2020 रोजी कर्जाचे हप्ते पुढे ढकलायची मुभा, म्हणजे स्थगिती, दिली. आधी तीन महिने, मग मुदत वाढून 31 ऑगस्टपर्यंत. कोल्हापूरकरांनी त्याला सरळ 'हप्तेमाफी' म्हटलं, आणि त्याला कारणही होतं. डिसेंबर 2019 मध्येच राज्याची महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना जाहीर झाली होती आणि गावोगाव माफीचीच चर्चा चालू होती. पुढे बँकेचा उतारा हातात आला, बाकी वाढलेली दिसली आणि लोक भडकले. या दोन गोष्टींमधला फरक माहीत असता तर निम्मा राग टळला असता.

माफीत सरकार तुमच्या वतीनं बँकेला पैसे देतं आणि खात्यावरची बाकी खाली येते. स्थगितीत कुणीच काही भरत नाही. फक्त तारीख पुढे जाते, व्याज चालूच राहतं. त्या काळात हप्ता न भरल्याबद्दल खातं थकीत धरलं जात नाही, एवढाच दिलासा.

हिशेब मांडून बघा. घरकर्जाची बाकी 10 लाख, व्याज 9 टक्के, मुदत 15 वर्षं उरलेली. हप्ता साधारण 10,143 रुपये. सहा महिने भरला नाही तर दरमहा साडेसात हजारांवर व्याज मुद्दलात मिळत जातं आणि बाकी 10,45,852 होते. हप्ता तेवढाच ठेवला तर 180 ऐवजी 199 हप्ते पडतात. सहा चुकवले म्हणून एकोणीस वाढले! मुदत जितकी लांब, तितका हा फटका मोठा. कर्ज फिटत आलं असेल तर तो किरकोळ असतो.

ऑक्टोबर 2020 मध्ये केंद्र सरकारनं व्याजावरचं व्याज परत द्यायचं जाहीर केलं तेव्हा पुन्हा तोच घोळ. व्याज माफ झालं असं समजून लोकांनी 45 हजारांची आशा धरली. सरकारनं दिला तो चक्रवाढ आणि सरळ व्याजातला फरक, म्हणजे या उदाहरणात 45,852 वजा 45,000, फक्त 852 रुपये. 2 कोटींपर्यंतच्या कर्जांना तो लागू होता. सर्वोच्च न्यायालयानं 23 मार्च 2021 रोजी 2 कोटींवरच्या कर्जांवरही व्याजावरचं व्याज घेऊ नये असं सांगितलं. शिरोली, गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींतल्या मोठ्या कर्जाच्या कारखानदारांना त्याचा उपयोग झाला. सगळं व्याज माफ करायला मात्र न्यायालयानंही नकार दिला. पीककर्ज आणि ट्रॅक्टरचं कर्ज केंद्राच्या या योजनेत नव्हतंच.

आता नियमित भरणाऱ्याची 'वेळेवर भरून आम्हाला काय मिळालं?' ही तक्रार. कर्जमुक्तीबाबत ती शंभर टक्के रास्त होती. 30 सप्टेंबर 2019 रोजी थकीत असलेलं 2 लाखांपर्यंतचं कर्ज ही तिथली अट. आपल्याकडं पीककर्ज देणाऱ्या सेवा सोसायटीची वसुली ऊसबिलातूनच होते, शेतकरी थकबाकीत जाणार कुठून? वेळेवर भरलं म्हणून यादीत नाव नाही, हे लोकांना सोसवलं नाही. नियमित भरणाऱ्यांसाठीच्या 50 हजारांपर्यंतच्या प्रोत्साहन अनुदानाची अंमलबजावणी व्हायला 2022 साल उजाडलं. स्थगितीत मात्र हीच तक्रार चुकीची होती. ज्यानं हप्ते भरले त्याचे एकोणीस हप्ते वाचले आणि व्याजाचा तो फरकही त्याच्या खात्यात जमा झाला.

पुढं कधी अशी घोषणा झाली तर आदेशात दोन गोष्टी शोधा: पैसे कोण भरणार आणि व्याज कधीपासून थांबणार. दोन्हींचं उत्तर नसेल तर ती स्थगिती समजा, आणि हातात पैसे असतील तर हप्ता भरत राहा. नाइलाजानं सवलत घेतलीच तर बँकेकडून हप्त्यांचा नवा तक्ता लेखी घ्या. हप्ता वाढवायचा की मुदत, हे त्याच वेळी ठरवता येतं. माफी मिळाली असेल तर आधार प्रमाणीकरणाची पावती जपून ठेवा, आणि रक्कम जमा झाल्यावर सोसायटीकडून बेबाकी दाखला (कर्ज बाकी नसल्याचा) घेऊन सातबाऱ्यावरचा बोजा उतरवून घ्या.