जेसीबी उतरवण्याआधी: अभयारण्याच्या कडेची जमीन

सह्याद्रीत अभयारण्याला लागून जागा घेतली की बहुतेक जण आधी जेसीबी बोलावतात आणि कागदपत्रं मागाहून पाहतात. सुरुवात सातबाऱ्यापासून करा. इतर हक्कांत ‘खाजगी वन’ अशी नोंद असेल, तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानुसार केंद्राच्या मंजुरीशिवाय तिथे सपाटीकरण करता येत नाही. नोंद नसेल, तर आपला गट नंबर पर्यावरण संवेदनशील क्षेत्रात, म्हणजे अभयारण्याभोवती सरकारी अधिसूचनेनं आखलेल्या निर्बंधांच्या पट्ट्यात, येतो का ते पाहा. प्रत्येक अभयारण्याची अधिसूचना वेगळी असते. त्यामुळे शेजारच्या तालुक्यात चाललं म्हणून इथेही चालेल, असं धरू नका. खाजगी जमिनीवरचं झाड तोडायलाही परवानगी लागते.

मग उतार मोजा. महाराष्ट्राच्या विकास नियंत्रण नियमांत १:५ किंवा त्याहून तीव्र उतारावर कापणं, भरणं, सपाट करणं यांना मनाई आहे. १:५ म्हणजे दहा मीटर आडव्या अंतरात दोन मीटर चढ. पाण्याच्या नळीनं हा सहज मोजता येतो. मात्र साऱ्या प्लॉटची सरासरी काढू नका. खालचा सपाट तुकडा वरच्या उभ्या तुकड्याला झाकून टाकतो.

तीव्र उताराची अडचण साध्या हिशेबातून कळते. दहा मीटर रुंद सपाटी अर्धी कापून, अर्धी भरून करायची आणि भरावाचा उतार १:२ ठेवायचा, असं धरू. १:५ च्या जमिनीवर भरावाची कड एक मीटर उंच होते आणि पायथा साडेतीन मीटरच्या आत टेकतो. जमीन १:३ असेल, तर तोच पायथा तब्बल दहा मीटर खाली जातो आणि तिथली झाडी गाडली जाते. जमीनच १:२ असेल, तर भराव कुठेच टेकत नाही. शिवाय जुना पृष्ठभाग आणि नवा मुरूम यांच्या सांध्यात पावसाचं पाणी शिरतं आणि भराव तिथूनच सरकतो.

काम नोव्हेंबर ते जानेवारीत उरका. जमीन मऊ असते आणि बऱ्याच पक्ष्यांची वीण अजून सुरू व्हायची असते. आधी वरच्या बाजूला चर, खालच्या बाजूला दगडी बांध आणि गाळखड्डा, आणि मगच खरवडणं. वरची पंधरा सेंटिमीटर माती वेगळी काढून दीड मीटरपेक्षा कमी उंचीच्या ढिगात ठेवा आणि मेअखेरीआधी परत पसरा.

नुसत्या गाळखड्ड्यावर मात्र विसंबू नका. चिकणमातीचा दोन मायक्रॉनचा कण स्थिर पाण्यात दहा सेंटिमीटर खाली बसायला सुमारे आठ तास घेतो. एक मीटर खोल खड्ड्यात त्याला तीन दिवसांहून अधिक लागतील, आणि जुलैत खड्डा तासाभरात भरून वाहू लागतो. ते लाल पाणी थेट अभयारण्यातल्या ओढ्यात जातं. इंडिराना गटातल्या बेडकांची पिल्लं ओल्या कातळाला चिकटून त्यावरचं शेवाळ खरवडून खातात. कातळावर गाळाचा थर बसला की त्यांचं खाणंच संपतं. म्हणून माती जागेवरच धरायला हवी. उघड्या जमिनीवर भाताचा पेंढा अंथरा आणि भरावाच्या कडेनं वाळा लावा.

कारवी, हे सह्याद्रीच्या उतारांवरचं झुडूप, शक्यतो काढूच नका. उतारावरची माती तिच्याच मुळांनी धरलेली असते. ती आठव्या वर्षी एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. पाचव्या वर्षी तोडलेल्या कारवीचं बी त्या जागी पडतच नाही, आणि मोकळ्या मातीत रानमोडी हे झपाट्यानं पसरणारं परदेशी तण शिरतं.

ही रानमोडी आणि तसंच दुसरं तण, घाणेरी, अनेकदा यंत्रासोबतच येतात. म्हणून जेसीबीची चाकं आणि बकेट प्लॉटवर यायच्या आधीच, जंगलापासून दूर, धुऊन घ्या. उरलेला मुरूम परवान्याशिवाय बाहेर विकू नका: बाजारभावाच्या पाचपट दंड होतो आणि यंत्रही जप्त होऊ शकतं. तो उताराखाली ढकलणंही तितकंच वाईट. कापलेलं आणि भरलेलं जुळेल, अशी आखणी कागदावर आधीच करून घ्या.