लाइव्ह रॉक की ड्राय रॉक? निम्मं उत्तर कायद्यातच आहे

खाऱ्या पाण्याचा टँक लावायचं मनात घेऊन कुर्ल्याच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या मासेवाल्यांकडे गेलात की टँकमध्ये रचायच्या दगडाचा, म्हणजे रॉकचा, विषय निघतोच. लाइव्ह (जीव वसलेला) घ्यायचा की ड्राय (कोरडा, निर्जीव)? प्रश्न आवडीचा आणि खिशाचा वाटतो, पण त्यामागे साठ वर्षांचा इतिहास आहे.

लाइव्ह रॉक हा मुळात मेलेल्या प्रवाळांचा सच्छिद्र, चुनखडीचा सांगाडा. जिवंत असतं ते त्याच्या अंगाखांद्यावर. पृष्ठभागावरचे जीवाणू माशांच्या घाणीतून येणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. आत, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथले वेगळे जीवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. म्हणजे फिल्टरचं बरंचसं काम दगडच करतो.

हे जगापुढे आणलं जकार्ताच्या ली चिन एंग यांनी. समुद्राचं पाणी, रीफवरचे (समुद्रातल्या प्रवाळखडकांवरचे) दगड आणि हवेचे बुडबुडे, एवढ्यावर ते टँक चालवत. १९६१मध्ये त्यांनी त्याबद्दल लिहिलं, पण तेव्हा बहुतेकांचा भर वाळूखालच्या फिल्टरवर होता. पुढे बर्लिनच्या हौशी मंडळींनी याच दगडांना प्रोटीन स्किमरची (बुडबुड्यांच्या फेसातून पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राची) जोड दिली आणि १९८०च्या दशकात ‘बर्लिन पद्धत’ रूढ झाली. मग मागणी अशी वाढली की फ्लोरिडा, फिजी, इंडोनेशियातून रीफचे दगड खोक्यांत भरून जाऊ लागले. ओल्या कागदात गुंडाळलेल्या त्या दगडांवरचे निम्मेअधिक जीव वाटेतच सडत. खोकं उघडलं की कुजक्या अंड्यांचा वास!

रीफ पोखरली जातेय हे दिसल्यावर दारं बंद होऊ लागली. अमेरिकेने १९९७पासून फ्लोरिडालगतच्या संघीय पाण्यातून नैसर्गिक दगड काढणं थांबवलं. तिथले लोक खाणीतले दगड समुद्रात ठेवून त्यांच्यावर जीव वाढवू लागले. फिजीनेही २०१७च्या अखेरीस निर्यात बंद केली.

आपल्याकडे कायदा त्याहून कडक. जुलै २००१मध्ये सर्व पाषाणप्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीला. तोवर मन्नारच्या आखातात चुन्यासाठी प्रवाळ सर्रास खणले जात. या संरक्षणाचा अर्थ मुंबईने २०२०मध्ये पाहिला: कोस्टल रोडच्या वाटेत आलेल्या हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरच्या प्रवाळ वसाहती वनखात्याची परवानगी घेऊन दुसरीकडे हलवाव्या लागल्या. तेव्हा लक्षद्वीपहून कुणी ‘दोन-चार दगड’ आणून देतो म्हणाला, तर ती सरळसरळ गुन्ह्याची तयारी आहे, मैत्री नव्हे. बाहेरून आणायचा तरी संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापारावरच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय करारामुळे परवान्यांची कागदपत्रं लागतात.

म्हणून ‘लाइव्ह’ म्हणून दाखवलेला दगड नेमका कुठला, हे विचारायलाच हवं. ड्राय रॉक दुसऱ्याच्या चालू टँकमध्ये काही महिने ठेवून जीवाणूंनी भरलेला असेल, तर माझ्या मते सगळ्यात उत्तम. निव्वळ ड्राय रॉकमध्ये ऐप्टेशिया (झपाट्याने पसरणारं समुद्रफूल) किंवा मँटिस श्रिंप (कोळंबीसारखा शिकारी प्राणी) यांसारखे आगंतुक येत नाहीत, पण सायकल (अमोनिया पचवणारे जीवाणू टँकमध्ये स्थिरावणं) पूर्ण व्हायला चार ते आठ आठवडे लागू शकतात. काही दगड शेवाळाला खाद्य ठरणारं फॉस्फेटही सोडतात, आणि पहिले काही महिने तपकिरी डायटम (सूक्ष्म शैवाल) काचेवर ठाण मांडून बसतात. बाटलीतले जीवाणू घालून सायकल लवकर होते. डायटम मात्र आपल्या मर्जीनेच जातात.