चेनसॉचा पडदा आणि एक बुजलेलं भोक

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ कोकणावर आदळलं आणि श्रीवर्धन-दापोलीकडच्या वाड्यांत नारळी-पोफळी आडव्या झाल्या. त्याच पावसाळ्यात माझ्या मावसभावाने ५८ सीसीची चेनसॉ, म्हणजे पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत, घेतली. वर्षातले आठ दिवस ती कामाला, बाकी दिवस पडवीत खुंटीला. यंदा मात्र ती चालेना. दोरी ओढली की दोन-तीन सेकंद भुर्र, मग गप्प. "कार्बेटरचं नवीन किट टाकलं रे, तरी तेच!" किट मागवलं कसं? मशीनचं मॉडेल सांगून.

घोळ इथेच झाला. किट, म्हणजे पडदे-पॅकिंगचा संच, चेनसॉचं नसतं, कार्बोरेटरचं असतं, म्हणजे पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या भागाचं. श्टील कंपनीच्या एमएस २५० या एकाच मॉडेलवर कुठे वॉल्ब्रो कंपनीचा डब्ल्यूटी-२८६ कार्बोरेटर सापडतो, तर कुठे झामा कंपनीचा सी१क्यू-एस७६. बाहेरून करवत तीच, आतले पडदे वेगळे.

हे पडदे म्हणजे माझा जीव की प्राण, म्हणून जरा थांबतो. जुन्या मोटारसायकलच्या कार्बोरेटरमध्ये तरंगता फ्लोट असतो. संडासाच्या फ्लश टाकीत जसा असतो तसाच. पातळी वाढली की तो पेट्रोल बंद करतो. पण चेनसॉ आडवी धरतात, वेळेला उलटीही करतात. तिथे फ्लोट काय करणार? म्हणून त्याच्या जागी दोन लवचिक पडदे आले.

पहिला पंपाचा. पिस्टन वर गेला की खालच्या बंद खोलीत ओढ तयार होते, खाली आला की दाब. ही ओढाताण एका बारीक भोकातून पडद्याच्या पाठीमागे पोचते आणि पडदा धडधडू लागतो. इंजिन मिनिटाला १०,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला सुमारे १६६ वेळा. घरमाशीच्या पंखांची गती साधारण याच घरातली. त्याच पडद्यात कापलेल्या दोन इवल्या जिभा झडपांचं काम करतात: एक टाकीतून पेट्रोल आत घेते, दुसरी पुढे ढकलते.

दुसरा पडदा मोजणीचा. त्याच्या एका अंगाला पेट्रोल, दुसऱ्या अंगाला झाकणाच्या भोकातून आलेली आपली साधी हवा. इंजिनने पेट्रोल ओढलं की आतला दाब किंचित उतरतो, बाहेरची हवा पडद्याला आत दाबते, पडदा तरफेला दाबतो, तरफेच्या दुसऱ्या टोकाची सुई बैठकीवरून उठते आणि पेट्रोल येतं. दाब सावरला की स्प्रिंग सुई परत बसवते. मोजणीचं सगळं काम वातावरणाच्या दाबावर चालतं, म्हणून करवत कशीही धरा.

पडदा कडक झाला की तेवढ्याशा दाबाने तो वाकत नाही. पेट्रोल कमी पडतं आणि टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलमधूनच येत असल्याने (५०:१ म्हणजे लिटरला २० मिली) वंगणही कमी पडतं. पिस्टनवर चरे उठतात ते असे. याचं खापर हल्ली सरसकट ई२०वर, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर, फुटतं. इथेनॉल पाणी ओढतं आणि काही जुन्या रबरांना मानवत नाही, हे खरं. पण टाकीत वर्षभर पेट्रोल तसंच ठेवलं तर बिनइथेनॉलचंही चिकट राळ होऊन बसतं. भावाने मुठीला लिंबू-मिरची बांधली होती. टाकी रिकामी केली असती तर जास्त उपयोग झाला असता.

असो. ओळख पटवायची तर हवेचा फिल्टर काढा, धातूच्या अंगावरचा भुसा-तेल ब्रशने पुसा आणि टॉर्च तिरका धरा. कंपनीचं नाव आणि ठोकलेला नंबर दिसतो. खालच्या ओळीतला आकडा बहुधा उत्पादनाच्या तारखेचा असतो, तो सांगून बसू नका. वॉल्ब्रोच्या किटचं नाव 'के'ने सुरू झालं तर सुई-तरफेसकट पूर्ण संच, 'डी'ने झालं तर फक्त पडदे-पॅकिंग. झामाचे तसेच 'आरबी' आणि 'जीएनडी', टिलटसन या तिसऱ्या कंपनीचे 'आरके' आणि 'डीजी'.

भावाच्या कार्बोरेटरवर मात्र नावच नव्हतं. स्वस्त मशीनवर अशा नकला सर्रास असतात. मग खोलून जुन्याशी ताडून बघणं आलं: भोकं कुठे, मोजणीच्या पडद्याच्या मध्यावर सपाट बटण आहे की तरफेत अडकणारा हूक. नशिबाने जुनं पॅकिंग त्याने डब्याच्या झाकणात ठेवलं होतं. नवं त्यावर ठेवलं. कडा जुळली, स्क्रूची भोकं जुळली, पण पिस्टनची धडधड ज्यातून येते ते भोक नव्या पॅकिंगला नव्हतंच. पंपाचा श्वासच कोंडला होता. ते दोन-तीन सेकंदांचं भुर्र म्हणजे प्रायमरचा, म्हणजे सुरू करण्याआधी हाताने दाबायचा, फुगा दाबून आत आलेलं पेट्रोल.

"दाभणाने पाडू का भोक?"

नको म्हटलं. कागदाचा एक तंतू सुईखाली अडकला तरी नवं दुखणं. दोन्ही बाजूंचे फोटो, शेजारी पट्टी ठेवून, दुकानदाराला पाठवले. किट आल्यावर भावाने ते आधी खिडकीच्या उजेडात धरलं आणि भोकं मोजली.